शर्यतीची बातमी आणि रस्त्याची बातमी



रविवारचा मिस्सा आटोपला, की देवळाच्या आवाराबाहेर झाडाच्या सावलीत चार-सहा मोटारसायकली रांगेने उभ्या राहतात आणि त्यांच्याभोवती गावचे तरुण गोळा होतात. हा देखावा आता खेडोपाडी नित्याचा झाला आहे. वडीलधारी मंडळी त्याकडे नाखुशीने पाहतात, पेट्रोलच्या भावाविषयी दोन शब्द बोलतात आणि घरची वाट धरतात. परंतु त्या घोळक्यात बोलणे कशाचे चालले आहे, हे जरा थांबून ऐकले तर असे आढळते, की त्यांच्या गप्पांचे विषय मुख्यतः दोनच असतात. पहिला विषय शर्यतींचा. कोठल्या दूरदेशी कोणती शर्यत झाली, पहिला कोण आला, पडला कोण. दुसरा विषय रस्त्यांचा. चोर्ला घाट सध्या कसा आहे, गोव्यात उतरावे ते अनमोडकडून की आंबोलीकडून, नवे डांबर कोठे पडले आहे आणि खडी कोठे उघडी पडली आहे.

दटावून बंद करावेत असे हे विषय नव्हेत, असे आमचे मत आहे. यंत्राची आवड आणि दूरच्या वाटेची ओढ या तारुण्यातील स्वाभाविक गोष्टी होत. मात्र या दोन बातम्यांपैकी कोणतीचे मोल किती, हे आमच्या तरुणांस आणि त्यांच्या मातापित्यांस नीट उमगले पाहिजे. कारण त्यावर कित्येकदा एखाद्या घराचे सुख अवलंबून असते. म्हणून आजच्या लेखात जगातील एका अतिशय प्रसिद्ध शर्यतीची हकीगत सांगून मग आपल्या घाटांकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

समुद्रातील बेट आणि त्यावरची शर्यत

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. ब्रिटनच्या राजमुकुटाखाली असले, तरी त्याची स्वतःची विधिसभा आहे आणि ते आपले कायदे आपणच करते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मोटारगाड्यांस ताशी 20 मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्यास कायद्याची अनुमती नव्हती. मॅन बेटाच्या विधिसभेने मात्र 1904 मध्ये तशी अनुमती देणारा कायदा केला, आणि शर्यतीच्या शौकिनांचे पाय त्या बेटाकडे वळले.

‘टूरिस्ट ट्रॉफी’ या नावाची मोटारसायकलींची पहिली शर्यत तेथे 28 मे 1907 रोजी झाली. चार्ली कॉलियर याने एका सिलिंडरच्या गाड्यांत पहिला क्रमांक मिळविला. त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे 38 मैल, म्हणजे 61 किलोमीटर होता. आज आमच्या गावची साधी गाडीही सपाट रस्त्यावर इतक्या वेगाने सहज धावते. परंतु त्या काळच्या धुळीच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यावर तो पराक्रमच होता.

1911 पासून ही शर्यत डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर होऊ लागली. या मार्गाचा एक फेरा 37.73 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 61 किलोमीटरचा आहे. तो गावांच्या वस्तीतून, दगडी कुंपणांच्या मधून, पुलांवरून आणि घरांच्या दारांपुढून जातो, नंतर स्नेफेल पर्वताच्या अंगाने समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून अधिक उंच चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. त्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत. त्या वर्षीच्या मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ नावाच्या गाड्यांनी पटकावले. नावावरून कोणाची समजूत होऊ नये, म्हणून सांगतो की हा कारखाना आपल्या देशातील नसून अमेरिकेतील होता!

पुढे यंत्रे सुधारत गेली तसा वेगही वाढत गेला. 1957 मध्ये बॉब मॅकिंटायर याने ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने एक फेरा पुरा केला. तसे करणारा तो पहिला. 2023 मध्ये पीटर हिकमन याने ताशी 136.358 मैलांचा, म्हणजे 219 किलोमीटरहून अधिक सरासरीचा फेरा केला. 61 किलोमीटरचा तो डोंगरी मार्ग त्याने सतरा मिनिटांच्या आत ओलांडला. बेळगावहून खानापूरला जाऊन पुन्हा बेळगावला परत यावे, साधारण तेवढे हे अंतर आहे, असे म्हटले म्हणजे वाचकांस कल्पना येईल.

धावणाऱ्यासही बातमी दुसऱ्याकडूनच मिळते

या शर्यतीची एक विशेष गोष्ट अशी, की सर्व स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ते दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकामागून एक सोडले जातात आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. त्यामुळे धावणाऱ्यास आपण कितवे आहोत, हे स्वतःस कळत नाही. रस्त्याच्या कडेला ठरलेल्या जागी त्याचा सोबती फळा धरून उभा असतो, त्यावरील आकडे ओझरते पाहून तो आपले स्थान ओळखतो. आरंभस्थानी उभारलेल्या मोठ्या फळ्यावर अनेक दशके स्काउटची मुले हातात रंग आणि ब्रश घेऊन प्रत्येक स्पर्धकाची वेळ लिहीत असत. 1964 मध्ये बेटावर रेडिओकेंद्र सुरू झाल्यावर लोक कुंपणाशी बसून धावते वर्णन ऐकू लागले. त्याही पूर्वी, 1903 पासून, इंग्लंडात ‘द मोटर सायकल’ नावाचे साप्ताहिक निघत असे. त्याचे मुखपृष्ठ निळे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे हिरवे असल्यामुळे वाचक त्यांस ‘निळे’ आणि ‘हिरवे’ या लाडक्या नावांनी ओळखीत. आज हीच बातमी खिशातल्या फोनवर क्षणात येते आणि चित्रासह येते. साधन बदलले, परंतु जिज्ञासा तीच आहे.

मात्र स्पर्धकास अत्यंत आवश्यक असलेली बातमी वेगळीच असते. ती असते पुढच्या वळणाआडची बातमी. रस्त्यावर तेल सांडले आहे काय, कोणी पडला आहे काय, डोंगरावर पाऊस लागला आहे काय, हे त्यास कोण सांगणार? यासाठी संपूर्ण मार्गावर पाचशेहून अधिक स्वयंसेवक उभे असतात. त्यांस मार्शल म्हणतात. त्यांच्या हाती निशाणे असतात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे म्हणजे रस्ता निसरडा आहे, तांबडे म्हणजे शर्यत थांबली. ठरलेल्या संख्येइतके मार्शल जागेवर हजर नसतील, तर शर्यत सुरूच होत नाही. ही मंडळी वेतन घेत नाहीत. दिवसभर उन्हावाऱ्यात एका वळणावर उभे राहून दुसऱ्याच्या जिवाची राखण करणे, हे त्यांनी आपण होऊन पत्करलेले काम आहे. विजेत्यांची नावे आमच्या तरुणांस तोंडपाठ आहेत. या निनावी माणसांचेही स्मरण त्यांनी ठेवावे, असे आम्हांस वाटते.

रस्ता शिकावा लागतो

आता दुसरी गोष्ट पाहा. या शर्यतीत प्रथमच उतरणारा मनुष्य कितीही निष्णात असो, त्यास एकदम मोकळे सोडीत नाहीत. त्याच्या अंगावर ठळक रंगाचे जाकीट चढवतात आणि पहिल्या फेऱ्यात त्याने एका अनुभवी चालकाच्या मागून, आखलेल्या वेगानेच जावयाचे असते. त्याआधी कित्येक महिने तो साध्या मोटारगाडीतून त्या मार्गाच्या फेऱ्या घालतो, चित्रफिती पाहतो, जाणत्यांना विचारतो आणि एकेका वळणाचे नाव पाठ करतो. मार्गात उत्तम होण्यास बरीच वर्षे लागतात, असे तेथील अनुभवी लोक एकमुखाने सांगतात.

या शर्यतीतला मोठ्यात मोठा मानला गेलेला चालक म्हणजे उत्तर आयर्लंडातील जोई डनलप. 1977 ते 2000 या काळात त्याने तेथे 26 शर्यती जिंकल्या. शेवटच्या वर्षी तीन शर्यती जिंकल्या तेव्हा त्याचे वय 48 होते. तो वृत्तीने अबोल आणि साधा होता, गावात एक मद्यगृह चालवी. त्याच्याविषयीची दुसरी गोष्ट आमच्या वाचकांस अधिक आवडेल. शर्यतींचा हंगाम संपला, की हा मनुष्य आपल्या गाडीत अन्न, कपडे आणि औषधे भरून एकटाच रुमानिया, बोस्निया, अल्बानिया अशा दुःखी देशांतील अनाथालयांकडे निघे. या सेवेबद्दल 1996 मध्ये त्याचा राजमान्य गौरव झाला. हजारो मैलांच्या त्या प्रवासात त्यास कोणी घड्याळ लावून पाहत नव्हते. पोरक्या मुलांचे खाणे सुखरूप पोचावे, एवढीच तेथे शर्यत होती.

हाच जोई डनलप 2 जुलै 2000 रोजी एस्टोनियातील टालिन शहराजवळ पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर शर्यतीत पडून मरण पावला. त्याचा भाऊ रॉबर्ट 2008 मध्ये आणि पुतण्या विल्यम 2018 मध्ये असेच शर्यतीच्या रस्त्यावर गेले. दुसरा पुतण्या मायकल याने 2024 मध्ये चुलत्याच्या 26 विजयांचा उच्चांक ओलांडला. एका घराला मिळालेला हा मान आणि त्याच घराने भरलेली ही किंमत, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवावीत.

या शर्यतीने घेतलेले मोल

बातमी सांगताना आमचे तरुण बहुधा पहिली बाजूच सांगतात. म्हणून दुसरी बाजू आम्ही सांगतो. 1911 मध्ये सरावाच्या वेळी व्हिक्टर सरिज हा तरुण त्या बेटावर मरण पावला. तेव्हापासून त्या डोंगरी मार्गावर अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. 1972 मध्ये इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती पावसात घसरून गेला. त्याचा देशबंधू जाकोमो अगोस्तिनी हा त्या काळचा जगज्जेता आणि या बेटावर अनेकदा विजयी झालेला चालक. त्याने या मार्गावर पुन्हा पाऊल न ठेवण्याचा निश्चय केला आणि तो पाळला. त्याच्यामागून इतरही मोठे चालक दूर राहिले. अखेर जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून ही शर्यत वगळण्यात आली आणि 1977 पासून ब्रिटनमधील ती फेरी सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त मार्गावर गेली.

ही शर्यत चालू ठेवावी की नाही, हा वाद तेथे आजही आहे. चालवणारे म्हणतात, आम्ही सज्ञान आहोत, धोका जाणूनच येतो. विरोध करणारे म्हणतात, मागे राहणाऱ्या बायकामुलांची संमती कोणी घेतली? आम्हांस दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार वाटते. जीव हा कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. परंतु त्या वादाचा निकाल लावणे हे आजचे आमचे काम नव्हे. आमचे सांगणे एवढेच, की ज्या रस्त्यावरून रहदारी पूर्णपणे बंद केलेली असते, जेथे वळणावळणावर निशाणे घेऊन माणसे उभी असतात, जेथे वैद्य आणि हेलिकॉप्टर सज्ज असते, आणि जेथील चालक वर्षानुवर्षे तोच एक रस्ता शिकलेले असतात, तेथेही मृत्यू इतक्या वेळा आला. मग ज्या घाटात वळणाआडून ऊसाचा ट्रक, गुरांचा कळप किंवा शाळेतून परतणारी मुले येणार आहेत, तेथे शर्यत लावणाऱ्याने कोणत्या हिशेबावर विसंबावे?

त्या बेटावरच या प्रश्नाचे उत्तर मिळते. शर्यतीच्या पंधरवड्यात एक रविवार असा असतो, की त्या दिवशी शर्यत नसून साधे प्रवासी आपल्या गाड्या घेऊन तोच मार्ग पाहण्यास निघतात. त्या दिवसाला लोकांनी ‘मॅड संडे’, म्हणजे ‘वेडा रविवार’ असे नाव दिले आहे. शर्यत पाहून डोके तापलेला मनुष्य आपणही तसेच धावू शकू, असे समजतो आणि अपघात होतात. म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी शर्यतींच्या काळात डोंगरावरचा रस्ता एकेरी केला आहे, निदान समोरासमोर टक्कर तरी होऊ नये!

आणखी एक बातमी फारशी कोणी सांगत नाही. 2025 मध्ये त्या पंधरवड्यातील सर्वांत मोठी शर्यत, जिच्यासाठी लोक वर्षभर वाट पाहतात, ती डोंगरावर सुटलेल्या जोरदार वाऱ्यामुळे रद्द करण्यात आली. जगातील उत्तमोत्तम चालक, महागडी यंत्रे आणि हजारो प्रेक्षक जमलेले असताना जाणत्यांनी रस्ता पाहून ‘आज नाही’ असे सांगितले, आणि ते ऐकण्यात आले. धुक्यात चोर्ला उतरण्याची पैज मारणाऱ्या आमच्या तरुणांनी ही बातमी अवश्य लक्षात ठेवावी.

हेल्मेट कोठून आले

शर्यतीने जगास काही दिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आज ज्याचा आमचे तरुण कंटाळा करतात, ते हेल्मेट शर्यतीच्या मैदानातूनच आले आहे. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथील धावपट्टीवर काम करणारे डॉक्टर एरिक गार्डनर यांच्या ध्यानात आले, की पडलेल्या चालकांच्या डोक्यालाच मार बसतो. त्यांनी पुढाकार घेऊन संरक्षक टोपी बनविली आणि 1914 च्या मॅन बेटावरील शर्यतीत ती सर्वांस सक्तीची झाली.

परंतु साध्या चालकाकडे ती पोचण्यास आणखी एक मृत्यू घडावा लागला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलीचे मोठे शौकीन होते. 13 मे 1935 रोजी आपल्या घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरील दोन मुलांस चुकवताना ते पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. या मृत्यूने त्यांचे मन इतके हलले, की त्यांनी मोटारसायकलवाल्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याचे निष्कर्ष 1941 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे झाले. एका मनुष्याच्या मृत्यूपासून एका वैद्याने धडा घेतला आणि पुढे असंख्य घरांतील दिवे विझायचे वाचले.

आपल्या देशाचे आकडे पाहिले, म्हणजे हा धडा अद्याप आपल्या गळी उतरलेला नाही, असे दिसते. सरकारी अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांत 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे मृत्यू पावलेल्यांत 50,029 जणांची नोंद आहे, आणि त्यांत 14,337 जण चालक नसून मागे बसलेले होते. मागे बसलेला म्हणजे कोण? बहुधा आई, बायको, बहीण किंवा मित्र. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या आईच्या डोक्यावर पदर, हे दृश्य आमच्या गावांतून दररोज दिसते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने दोघांसही हेल्मेट आवश्यक केले आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी मुलाने आईचे हेल्मेट विकत घ्यावयास कायद्याची वाट का पाहावी?

आता आपल्या घाटांकडे

बेळगावकडून गोव्यात उतरणाऱ्या वाटा आमच्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. जुन्या गोव्याच्या सणास, सोयऱ्यांच्या लग्नास, नोकरीस आणि बाजारास या वाटांनी आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात-येत आली आहेत. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्याने केरीकडे आणि साखळीस उतरावे, खानापूरवरून अनमोडने मोल्यास जावे, किंवा आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडून जावे. तिन्ही वाटा सुंदर आहेत आणि तिन्हींचे स्वभाव निरनिराळे आहेत.

चोर्ल्याची वाट डोळ्यांस सुखावणारी खरी, परंतु पावसाळ्यात तेथे धुके असे उतरते, की पुढचे चाकही दिसू नये. वळणे आखूड आहेत आणि कडेची माती पावसात सुटते. अनमोडची वाट दाट रानातून जाते. सायंकाळनंतर गवे रस्त्यावर येतात. काळोखात उभा असलेला गवा दिव्याच्या उजेडात शिरेपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आंबोलीस पावसाचे माहेरच आहे. धबधब्यापाशी सहलीची मंडळी रस्त्यातच उभी असतात, मुले इकडून तिकडे धावतात, दगडांवरून पाणी आडवे वाहते. सपाटीवर सरावलेला हात या तिन्ही ठिकाणी नवशिक्याच होय. ऊन असताना गेलेल्या वाटेवर पावसात पुन्हा जावयाचे, म्हणजे नव्या वाटेनेच जावयाचे, असे समजावे.

येथेच आमच्या तरुणांच्या दुसऱ्या बातमीचे मोल कळते. झाडाखालच्या त्या घोळक्यात कोणी जेव्हा म्हणतो, “अरे, तिसऱ्या वळणापाशी खडी पडली आहे, जपून जा,” तेव्हा तो मार्शलाचे पिवळे निशाणच फडकवीत असतो. कोणी सांगतो, “सहानंतर रानातून येऊ नकोस.” कोणी सांगतो, “अमुक पुलावर पाणी चढते, तमुक गावी पंक्चर काढणारा मिळतो, डॉक्टर अमक्या तिठ्यावर बसतात.” ही बातमी वर्तमानपत्रात छापून येत नाही. ती एका माणसाने दुसऱ्यास द्यावयाची असते. आमचे सांगणे असे, की शर्यतीची बातमी हौसेने सांगा, परंतु रस्त्याची बातमी कर्तव्य म्हणून सांगा. ‘मी चाळीस मिनिटांत उतरलो’ ही बातमी मात्र कोणासही सांगू नका. ती ऐकणारा धाकटा भाऊ उद्या पस्तीस मिनिटांत उतरू पाहील.

गोव्यातील भाड्याच्या मोटारसायकली चालवणारे ‘पायलट’ आमच्या वाचकांनी पाहिलेले आहेत. पिवळ्या मडगार्डाची गाडी घेऊन ते तिठ्यावर किंवा बाजारात उभे असतात आणि अनोळखी मनुष्यास पाठीशी बसवून इष्टस्थळी पोचवितात. मागच्या माणसास सुखरूप उतरविणे, हाच त्यांचा धंदा. कोणती गल्ली निसरडी आहे, शाळा कोठे सुटते, कुत्री कोठे आडवी येतात, हे त्यांस पाठ असते. शर्यत जिंकणाऱ्याचे चित्र घरात लावणाऱ्या तरुणाने अशा एखाद्या जुन्या पायलटाशी चार गोष्टी बोलून पाहाव्यात. तो वेगाविषयी फार बोलणार नाही, रस्त्याविषयी बोलेल.

इटलीत मोटारसायकलस्वारांस ‘चेंताउरी’ म्हणतात. अर्धा मनुष्य आणि अर्धा घोडा अशा पुराणातील प्राण्याचे ते नाव. त्या देशातील कास्तेलात्सो बोर्मिदा या गावच्या पवित्र मरियेच्या मंदिरात हे स्वार दरवर्षी मोठ्या संख्येने गाड्यांसह जमतात. बाराव्या पायस पोप महाशयांनी 1947 मध्ये तेथील मातेस मोटारसायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून मान्यता दिली. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशात गाडी म्हणजे गरिबाचे पोटापाण्याचे साधन होते आणि रस्ते मोडलेले होते. आईकडे रक्षणाची याचना करावी असा तो काळ होता. मात्र मातेच्या पायांशी गाडी उभी करून आशीर्वाद घ्यावयाचा आणि बाहेर पडताच हेल्मेट आरशास अडकवून सुटावयाचे, याला भक्ती म्हणता येणार नाही.

घरातील वडीलधाऱ्यांस दोन शब्द

मातापित्यांस आमचे सांगणे थोडे कठोर आहे. दहावी-बारावीचा निकाल चांगला लागला, म्हणून वय पुरे न झालेल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देण्याची चाल आमच्यात पडू लागली आहे. पन्नास सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीस सोळा आणि इतर मोटारसायकलीस अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून परवाना मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हाही कायद्याने गुन्हा आहे. परंतु दंडाची भीती ही शेवटची गोष्ट. आम्हां धर्मगुरूंस तरुणाच्या शवपेटीपाशी उभे राहून प्रार्थना म्हणावी लागते, तेव्हा बापाच्या तोंडून ‘गाडी मीच घेऊन दिली’ हे शब्द ऐकण्याइतके जड दुसरे काही नसते.

ज्यास खरोखरच वेगाची परीक्षा द्यावयाची आहे, त्यासाठी आपल्या देशात बंदिस्त मार्ग आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइंबतूर येथे शर्यतींची मैदाने आहेत. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील मार्गावर सप्टेंबर 2023 मध्ये जागतिक दर्जाची मोटारसायकल शर्यतही झाली. तेथे शिकवणारे आहेत, वैद्य आहेत आणि समोरून येणारी बैलगाडी नाही. खर्च परवडत नसेल, तर हौस बातमी ऐकण्यापुरतीच ठेवावी, त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. वाटेत कोणी पडलेला दिसला, तर गाडी थांबवा. पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भयाने लोक पुढे निघून जातात. ते भय आता निराधार आहे. जखमीस मदत करणाऱ्या मनुष्यास 2019 च्या दुरुस्तीने स्पष्ट संरक्षण दिले आहे. त्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. येरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसापाशी थांबलेल्या शमरोनी मनुष्याची गोष्ट आमच्या घरांतून लहान मुलांसही ठाऊक आहे. त्यानेही आपले जनावर थांबविले होते, आणि जखमीस त्यावर बसवून स्वतः सावकाश चालत गेला होता.

तेव्हा येत्या रविवारी तरुण मंडळी झाडाखाली जमली, म्हणजे वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. जवळ जाऊन विचारावे, “घाटाची काय खबर आहे रे?” आणि तरुणांनीही उत्तर द्यावे, नीट आणि खरे. पावसाळा तोंडावर आला, की सर्वप्रथम चोर्ल्याकडून आलेल्यास विचारावे आणि मगच निघावे. उशीर झाला तरी चालेल. घरी दिवा लावून कोणीतरी वाट पाहत असते.